दुकान पेठेत, गिऱ्हाईक फोनवर: आदिलाबादच्या छोट्या दुकानदारांसाठी

आदिलाबादहून बेला, जैनथ, तामसीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पाठीला भलीमोठी पिशवी लावून पार्सल पोचवणारी पोरे हल्ली सर्रास दिसतात. त्या पिशव्यांत काय असते? चपला, लहान मुलांचे कपडे, कुकरची रिंग, मोबाइलचे कव्हर, मिक्सरचे भांडे. यातली बहुतेक प्रत्येक वस्तू आदिलाबादच्या पेठेत कुठल्या ना कुठल्या दुकानात मिळते, आणि अनेकदा भावही तोच असतो. तरीही ती दूरच्या गोदामातून येते. कारण साधे आहे. गावातल्या माणसाला फोनवर त्या गोदामातला माल दिसतो, तुमच्या दुकानातला दिसत नाही. तुमच्याकडे काय आहे हे पाहायला त्याला बसभाडे खर्चून यावे लागते आणि दिवसाचा रोज बुडवावा लागतो.

हा लेख किराणा, कापड, भांडी, स्टेशनरी, पादत्राणे, खाद्यपदार्थ असे छोटे दुकान चालवणाऱ्यांसाठी आहे. ऑनलाइन विक्री सुरू कराच, असे माझे ठाम मत आहे. पण ती सुरू करताना पहिले लक्ष्य दिल्ली-मुंबईचे अनोळखी गिऱ्हाईक नसावे. आधी आपल्या पंधरा-वीस किलोमीटरमधले ओळखीचे गिऱ्हाईक फोनवर धरून ठेवा, मग बाहेर पडा. हा क्रम चुकला की पैसा आणि उमेद दोन्ही वाया जातात.

आपल्याकडे असे काय आहे, जे त्यांच्याकडे नाही?

पहिली गोष्ट भाषा. आदिलाबादचा दुकानदार सकाळपासून रात्रीपर्यंत तेलुगू, मराठी, उर्दू आणि जमेल तेवढी गोंडी आणि गोरमाटी बोलत असतो. पैनगंगेकाठच्या गावांतले गिऱ्हाईक मराठीत विचारते, उटनूर-इंद्रवेल्लीकडचे गोंडीत बोलते, शहरातले तेलुगूत किंवा उर्दूत. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरला हे जमणार नाही.

दुसरी गोष्ट उधारी आणि हंगामाची समज. हा कापसाचा जिल्हा आहे. दसऱ्यापासून पुढे वेचणी होते, बाजार समितीत गाड्या लागतात, तेव्हा घरात पैसा येतो. बी-खतांच्या दिवसांत हात आखडलेला असतो. कोणत्या घरात कधी पैसा येतो आणि कोणाला चार दिवस थांबायचे, हे पेठेतला दुकानदार ओळखतो.

तिसरी गोष्ट तक्रारीला चेहरा असणे. कुकरची शिट्टी वाजली नाही तर गिऱ्हाईक सरळ तुमच्या काउंटरवर येऊन उभे राहते. हा भरवसा पिढ्यांनी कमावलेला आहे. तो फोनवर नेला की तुमचे ऑनलाइन दुकान कोणत्याही अनोळखी संकेतस्थळाहून वरचढ ठरते.

पहिली पायरी: व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे अ‍ॅप भारतात २०१८ पासून फुकट मिळते. दुकानासाठी वेगळे सिमकार्ड घ्या आणि त्या नंबरवर ते सुरू करा. घरचा नंबर आणि दुकानाचा नंबर एकच ठेवला तर लग्नाच्या पत्रिकांत ऑर्डर हरवतात. अ‍ॅपमध्ये दुकानाचे नाव, पत्ता, उघडण्या-बंद होण्याची वेळ भरा. मग ‘कॅटलॉग’ उघडा आणि माल मांडायला लागा.

सगळा माल मांडायच्या भानगडीत पडू नका. ज्याचा खप सर्वांत जास्त आहे अशा पंचवीस-तीस वस्तू निवडा. प्रत्येकीचा फोटो, भाव, माप आणि दोन ओळींची माहिती द्या. भाव लिहिलाच पाहिजे. ‘भावासाठी फोन करा’ असे लिहिले की निम्मे गिऱ्हाईक तिथेच थांबते, कारण त्याला वाटते, फोन केला तर घ्यावेच लागेल.

फोटोसाठी स्टुडिओ नको. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास दुकानाच्या दारात, सावलीत पण उजेडाकडे तोंड करून, पांढऱ्या चादरीवर वस्तू ठेवा. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत साडीचा रंग बदलतो, आणि रंग बदललेली साडी परत येते. साडीचे तीन फोटो हवेत: पूर्ण घडी, पदर, आणि काठाचा जवळून. भांड्याचा फोटो घेताना बाजूला पाण्याचा तांब्या ठेवा, म्हणजे आकार कळतो. चपलेचा तळवा दाखवा. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरचा फोटो उचलून लावू नका. गिऱ्हाइकाला प्रत्यक्षात वेगळी वस्तू मिळाली तर भरवसा उडतो.

वस्तूचे नाव मराठी आणि तेलुगू दोन्हींत लिहा. वाचता न येणारे गिऱ्हाईकही बरेच आहे, त्यांच्यासाठी आवाजाचा संदेश पाठवा. समजा, बेल्याकडच्या एका गावातून संदेश येतो, ‘दादा, पोरीच्या शाळेसाठी पांढरा बूट पायजे, पाच नंबर.’ तुम्ही दोन जोड्यांचे फोटो पाठवता आणि बोलून सांगता, ‘ताई, पहिला तीनशे वीसचा, दुसरा चारशेचा, पण दुसऱ्याचा तळवा शिवलेला आहे, पावसाळ्यात टिकेल. नंबर लहान पडला तर बदलून देतो.’ एवढ्या एका वाक्यावर विक्री होते. काउंटरवर जे बोलता तेच इथे बोलायचे आहे.

ग्रुप आणि ब्रॉडकास्ट यांतला फरक नीट समजून घ्या. ग्रुप केला की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. गावातल्या बायाबापड्यांचे नंबर असे उघडे पाडणे बरोबर नाही, त्यातून त्यांना त्रास होतो आणि बोल तुमच्यावर येतो. त्यामुळे ब्रॉडकास्ट यादी करा. तिच्यातला संदेश प्रत्येकाला स्वतंत्र जातो. मात्र गिऱ्हाइकाने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला असेल तरच तो पोचतो. म्हणून पिशवीवर, पावतीवर नंबर छापा आणि काउंटरवरच म्हणा, ‘नंबर सेव्ह करा, नवा माल आला की फोटो टाकतो.’ आठवड्यातून एक-दोन संदेश पुरेत. रोजचा ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्या दुकानदाराला लोक ब्लॉक करतात.

याच आठवड्यात गूगल मॅपवरही दुकानाची नोंद करा. हीसुद्धा फुकट आहे. हैदराबाद-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ४४ जिल्ह्यातून जातो. त्यावरच्या प्रवाशाला, नव्याने बदलून आलेल्या शिक्षकाला किंवा बँकेतल्या माणसाला ‘जवळचे भांड्यांचे दुकान’ शोधताना तुमचे नाव दिसायला हवे.

माल पोचवायचा कसा?

शहरात आणि चार-पाच किलोमीटरपर्यंत दुकानातला मुलगा दुचाकीवरून जाऊ शकतो. त्यापुढच्या गावांसाठी वार ठरवा: मंगळवारी जैनथची वाट, शुक्रवारी बेल्याची. ज्या दिवशी जिथे आठवडी बाजार, त्या दिवशी तिकडच्या ऑर्डर एकत्र नेल्या तर पेट्रोल वाचते. गावातली ओळखीची किराणा टपरी किंवा बचत गटाची ताई पार्सल ठेवून घ्यायला तयार असेल, तर तिला प्रत्येक पार्सलमागे ठरलेली रक्कम द्या.

उटनूर, इच्चोडा, बोथ अशा ठिकाणी आरटीसी बसचा आधार घ्या. तेलंगणच्या आरटीसीने २०२० मध्ये पार्सल आणि कार्गो सेवा सुरू केली. डेपोत नेऊन दिलेला माल ठरलेल्या बसस्थानकावर उतरतो. त्याहून लांब स्पीड पोस्ट किंवा खासगी कुरिअर. मात्र आधी तुमच्या गिऱ्हाइकांच्या गावांचे पिनकोड कुरिअरवाल्याला दाखवून तो तिथवर जातो का, हे विचारून घ्या. आतल्या पाड्यांपर्यंत सगळेच जात नाहीत, टपाल खाते मात्र जाते.

हिशेब कागदावर करा

आधी जवळचे गिऱ्हाईक धरा, असे मी म्हणतो त्यामागे आकडे आहेत. एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, जीएसटी बाजूला ठेवला आहे. तुमचे आकडे तुम्ही घाला.

एक साडी, खरेदी ४२० रुपये, विक्री ६०० रुपये. दूरच्या गिऱ्हाइकाला मोठ्या संकेतस्थळावरून विकली. कुरिअर ७०, पॅकिंग १५, कंपनीचे शुल्क ३०. हाती उरले ६५ रुपये. दहा साड्या पाठवल्या आणि एक परत आली, तर तिचे जाण्या-येण्याचे १४० आणि पॅकिंगचे १५ असे १५५ रुपये अंगावर पडले. नऊ साड्यांचे ५८५ वजा १५५ म्हणजे ४३०. विकल्या गेलेल्या साडीमागे सुमारे ४८ रुपये.

तीच साडी दहा किलोमीटरवरच्या गावात ठरलेल्या वारी पोचवली. पेट्रोलचा वाटा आणि पिशवी मिळून २५ रुपये धरा. उरले १५५. म्हणजे जवळच्या एका साडीत दूरच्या तीन साड्यांइतके मिळते, आणि साडी परत आली तरी पुढच्या फेरीत बदलून देता येते.

म्हणून दूरची विक्री वाईट असे मुळीच नाही. ४८ रुपयांची साडी महिन्याला दोनशे गेली तर तोही धंदा आहे. पण त्यासाठी मालाचे भांडवल, पॅकिंगला माणूस आणि पैसे हाती येईपर्यंत थांबायची ताकद हवी. कंपनी पैसे लगेच देत नाही, परतीची मुदत संपली की मग खात्यात जमा करते. उधारीवर माल उचलणाऱ्याची इथे कोंडी होते. घाऊक व्यापाऱ्याला द्यायची तारीख आणि कंपनीकडून येणारी तारीख शेजारी शेजारी लिहून पाहा आणि मगच पाऊल टाका.

सीमेपलीकडचे गिऱ्हाईक आणि जीएसटी

हा मुद्दा आपल्या जिल्ह्याला सर्वांत जास्त लागू आहे. पांढरकवडा, किनवट, माहूर इकडची नाती, सोयरिकी आणि खरेदी सीमेच्या दोन्ही बाजूंना चालते. आपल्याला तो एकच परगणा वाटतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र तिथे राज्य बदलते.

मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची वार्षिक उलाढालीची मर्यादा तेलंगणात २० लाख रुपये आहे, महाराष्ट्रात ती ४० लाख आहे. त्यामुळे किनवटच्या मेहुण्याचा सल्ला आदिलाबादच्या दुकानाला जसाच्या तसा लागू पडत नाही. पूर्वी संकेतस्थळावरून माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून यात सवलत मिळाली. मर्यादेच्या आत उलाढाल असलेला दुकानदार पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन अशा संकेतस्थळांवर विकू शकतो. अट अशी की विक्री एकाच राज्यात असली पाहिजे. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारांनाही त्याच दिवसापासून राज्यातल्या राज्यात अशी विक्री करता येते.

पार्सल परराज्यात पाठवायचे असेल तर सर्वसाधारणपणे नियमित जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, उलाढाल छोटी असली तरीही. आदिलाबादहून निर्मल, मंचेरियल, हैदराबाद हा एक टप्पा, आणि पांढरकवडा, नागपूर हा दुसरा. दुसऱ्या टप्प्यात जाण्याआधी करसल्लागाराकडे एकदा बसा. नोंदणीकृत विक्रेत्याच्या विक्रीतून संकेतस्थळ जीएसटीखाली ०.५ टक्का रक्कम कापून तुमच्या नावे भरते. ती बुडत नाही, विवरणपत्र वेळेवर भरले की हिशेबात मिळते.

उद्यम नोंदणीही करून घ्या. किरकोळ व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून ती खुली आहे आणि बँकेच्या कर्जाला तिचा उपयोग होतो. सरकारी पोर्टलवर ती पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी जागा सरकारी नाही, एवढे लक्षात ठेवा. खाण्याचे पदार्थ विकणाऱ्यांना एफएसएसएआयची नोंदणी हवीच. पाकीटबंद मालावर वजन, कमाल किंमत, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तारीख छापलेली असली पाहिजे. औषधे, बियाणे, कीटकनाशके यांना स्वतंत्र परवाने लागतात. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी परवान्यातल्या अटी पाहिल्याशिवाय यातले काहीही कॅटलॉगवर टाकू नये. मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कापूस बियाण्याच्या वाटेला तर कुणी जाऊच नका.

दूर पाठवायला आपले काय?

मोबाइलचे कव्हर नागपूरला विकून फायदा नाही, तिथे ते स्वस्त मिळते. दूरच्या गिऱ्हाइकाला तीच वस्तू पाठवा, जी त्याला त्याच्या गावात मिळत नाही.

उटनूर भागात आदिवासी महिला मोहाच्या फुलांचे लाडू करतात. मार्च २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी आदिलाबाद जिल्ह्यातल्या मोहाच्या पदार्थांचा उल्लेख केला होता. मेण वितळवून पितळेच्या मूर्ती घडवणाऱ्या ओझा कारागिरांच्या आदिलाबाद डोकरा कलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि यातली काही कारागीर गावे आता आसिफाबाद जिल्ह्यात मोडतात, तरी कलेचे नाव आदिलाबादचेच आहे. निर्मलची लाकडी खेळणी शेजारच्याच जिल्ह्यातली. शिवाय आपली तूर डाळ, ज्वारी, घरगुती पापड-लोणची आहेतच.

या वस्तू विकणाऱ्या दुकानदाराने दोन पथ्ये पाळावीत. कारागिराला रोख आणि रास्त भाव द्यावा, कारण त्याने काम सोडले तर तुमचे दुकानही थांबेल. दुसरे, मानांकनाचे नाव खऱ्याच मालाला लावावे. साच्यातून काढलेल्या मूर्तीला आदिलाबाद डोकरा म्हणणे हा गुन्हा तर आहेच, पण आपल्याच कारागिराच्या पोटावर पाय देणेही आहे.

विक्रीसाठी अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो आहेत. त्याखेरीज ओएनडीसी हे केंद्र सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी कंपनी म्हणून नोंदलेले खुले जाळे आहे. त्यावर एका विक्रेता-अ‍ॅपवर माल मांडला की तो वेगवेगळ्या खरेदी-अ‍ॅपवर दिसू शकतो. सुरुवातीला एकच जागा निवडा. चार ठिकाणी एकच शेवटचा नग मांडला आणि दोघांनी मागवला, तर एकाला नाही म्हणावे लागते आणि तुमचा शेरा खराब होतो.

फसवणुकीपासून सावध

ऑनलाइन आल्यावर चोरही फोनवरूनच येतात. तीन नियम भिंतीवर लिहून लावा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, साउंडबॉक्स बोलला किंवा खात्यात रक्कम दिसली तरच माल द्या. पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड पाठवून ‘पिन टाका, पैसे येतील’ म्हणणारा लुटारूच असतो. लष्करी छावणीतून किंवा मोठ्या कार्यालयातून बोलतो असे सांगून एकदम भरमसाट ऑर्डर देणाऱ्याला म्हणा, निम्मी रक्कम आधी भरा. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० या नंबरवर कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

उधारीचे काय, हा प्रश्न सगळेच विचारतात. फोनवरच्या ऑर्डरला नियम ठेवा: ज्याचे नाव वहीत आहे त्यालाच उधारी, नव्या गिऱ्हाइकाने माल हातात घेताना यूपीआय किंवा रोख द्यायचे. वहीतल्या प्रत्येकाला महिन्याच्या शेवटी त्याच्या बाकीचा फोटो पाठवा, पण वेगळा, चारचौघांत नाही. आकडा दर महिन्याला डोळ्यांसमोर आला की कापूस विकल्यावर वाद होत नाहीत.

हंगाम धरून चला

कॅटलॉग एकदा करून ठेवायची गोष्ट नाही. जूनमध्ये शाळेचे सामान आणि छत्र्या, पोळ्याआधी बैलांचा साज, दसरा-दिवाळीत कपडे आणि भांडी, दंडारीच्या दिवसांत गोंड गावांना लागणारे सामान, पौष अमावास्येच्या आसपास केस्लापूरच्या नागोबा जत्रेसाठीची खरेदी, उन्हाळ्यात लग्नाचा बस्ता. सणाच्या पंधरा दिवस आधी फोटो गेले पाहिजेत. सण अंगावर आल्यावर पाठवलेला फोटो लोक पाहतात, पण खरेदी तोवर झालेली असते.

या कामाला घरातली पोरे जोडा. सून किंवा कॉलेजात जाणारी मुलगी फोटो आणि संदेश सांभाळेल, वडील भाव आणि माल बघतील. तिला यातला ठरलेला वाटाही द्या, म्हणजे काम टिकेल.

हे करायचे ते कशासाठी? पेठेतले दुकान बंद पडते तेव्हा तिथला हमाल, शिंपी, चहावाला यांचीही मिळकत आटते, आणि मिरगाच्या तोंडावर हात आखडलेल्या शेतकऱ्याला चार दिवस थांबणारा माणूस उरत नाही. मोठी कंपनी घरपोच माल देईल, पण कापूस निघेपर्यंत थांबणार नाही. ती जागा तुमची आहे आणि ती राखायची तर फोनवर असणे आता भाग आहे. येत्या रविवारी दुपारी दुकानाचे शटर अर्धे ओढा, पंचवीस वस्तू निवडा, दारातल्या उजेडात त्यांचे फोटो काढा आणि भावासह चढवा. सोमवारी सकाळी वहीतल्या पहिल्या पन्नास गिऱ्हाइकांना फोन करून नंबर सेव्ह करायला सांगा. मंगळवारच्या जैनथच्या फेरीत चारच ऑर्डर असतील, तरी त्या वेळेवर पोचवा. पुढच्या मंगळवारी त्या वाढतील.